आस्ताचा हिवाळा आणि माझं कुलूप

थंडीतलं मला कळतं, असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. मूरा गावातल्या दुकानात जन्मभर फ्रिज विकले आणि शेवटची काही वर्षं घरं गरम करणारे विजेचे हीट पंप, एवढीच काय ती माझी पात्रता. पण माणसाने पांढरा कोट घालून फ्रिजच्या दारावर टिचकी मारली की गिऱ्हाइकं ऐकतात, आणि गिऱ्हाइकं ऐकायला लागली की विकणाराही स्वतःचं ऐकायला लागतो. निवृत्त झालो, दुकान सुटलं, पण टिचकी काही सुटली नाही.

ही गोष्ट खरं तर माझी नाही. माझी मेव्हणी आस्ता, म्हणजे माझी बायको सिव्ह हिची थोरली बहीण, तिची आहे. मी मध्ये मध्ये येतो. मी सगळ्याच गोष्टींत मध्ये मध्ये येतो असं सिव्ह म्हणते, आणि या एका बाबतीत तरी मला वाद घालता येत नाही.

आस्ताने उभी हयात शाळेची बस चालवली. बुटकी, रुंद बाई. खुर्चीवर उशी घेतल्याशिवाय तिला काचेतून पलीकडचं दिसत नसे. पोरं गाडीत असली की ती बोलत नसे, आणि पोरं नसली की त्याहून बोलत नसे. खुर्चीखाली तिने लोकरीच्या टोप्यांची एक पेटी ठेवलेली होती. टोपी न घालता आलेलं पोर पायरीवर चढलं की ती न बघता मागे हात घाली आणि एक टोपी त्याच्या डोक्यावर बसवी, कानांवरून खाली ओढून. आमच्या भागातले आजचे बरेचसे कर्ते लोक तिने असे कान ओढून मोठे केलेले आहेत. रस्त्यावरचा बर्फ काढायला नांगराची गाडी आली नाही म्हणून शाळा चुकली, असं तिच्या राज्यात कधी झालं नाही. नवऱ्याशी तिचं फारसं पटलं नाही. तो कामाला म्हणून नॉर्वेत गेला आणि तिकडचाच झाला. आस्ताने त्याचे बूट वर्षभर दाराशी ठेवले, मग शेजाऱ्याला देऊन टाकले आणि तो विषय संपला.

गेल्या हिवाळ्यात ती स्वतःच्या अंगणात घसरून पडली. पाय मोडला नाही, पण उठता येईना. पोस्टमन येईपर्यंत ती तशीच बर्फात पडून होती. तिची मुलगी पर्निला लांब उप्साला शहरात असते. तिने आईच्या मागे लागून घर विकायला लावलं. आस्ताने घर विकलं. पण उप्सालाला न जाता तळ्याकाठच्या कॅम्पिंगवर, आमच्या कॅराव्हॅनच्या शेजारी वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या आपल्या जुन्या कॅराव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, जाऊन राहिली. उन्हाळ्यात सगळेच राहतात, तेव्हा कुणी काही बोललं नाही. ऑगस्ट संपता संपता मात्र ती म्हणाली, "मी हिवाळाही इथंच काढणार आहे," आणि पर्निला दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन हजर.

आम्ही चौघं आस्ताच्या दारापुढे कॉफी घेऊन बसलो होतो. पर्निलाने दालचिनीचे बन आणले होते आणि बनांखाली एका वृद्धांच्या इमारतीची रंगीत माहितीपत्रकं.

"आई, गेल्या वर्षी पोस्टमन आला नसता तर?"

"पोस्टमन रोज येतो."

"रविवारी नाही येत!"

"मी मंगळवारी पडले होते," आस्ता म्हणाली आणि तिने बन उचलला.

पर्निला वाईट मुलगी नाही. ती इस्पितळात नर्स आहे, बर्फात पडून राहिलेली म्हातारी माणसं तिने आपल्या हातांनी तपासली आहेत. तिचा आवाज चढत होता तो भीतीने, हे मलासुद्धा कळत होतं. शेवटी ती म्हणाली, "बरं. ठरवूया. पाणी गोठलं, तर तू उप्सालाला यायचं. कुणाला मदतीला बोलवायची वेळ आली, तरी यायचं. फेब्रुवारीत शाळांना स्कीची सुट्टी लागेपर्यंत या दोन्हींतलं काही झालं नाही, तर मी त्या घराचं नाव काढणार नाही. जन्मात नाही."

"आणि बघणार कोण?"

"वेर्नरकाका. त्यांना खोटं बोलता येत नाही, लगेच कान लाल होतात."

आस्ताने माझ्या कानांकडे पाहिलं. मग तिने कोटाला हात पुसून मुलीच्या हातात हात दिला. आमच्याकडे हात दिला की दिला.

मला तर हर्ष झाला. पंच म्हणून मला आजवर कुणी नेमलं नव्हतं. शिवाय जुनी कॅराव्हॅन हिवाळ्यासाठी सज्ज करायची म्हणजे माझ्यासारख्या जाणकाराचंच काम, असं मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं. सिव्ह म्हणाली, "ताईनं तुला काही विचारलंय का?" मी म्हणालो, "विचारायला कशाला हवं?" आणि ऑक्टोबर उजाडताच हत्यारांची पेटी घेऊन कामाला लागलो.

आधी गॅस. स्पेनला गेलो होतो तेव्हा तिथून दोन निळ्या टाक्या स्वस्तात आणल्या होत्या, त्या मी मोठ्या मनाने आस्ताला देऊ केल्या. तिने एक टाकी हलवून पाहिली, तिच्यावरचं वाचलं आणि म्हणाली, "हा उन्हाळ्याचा गॅस आहे, वेर्नर. शून्याखाली गेलं की हा टाकीतून बाहेरच येत नाही. बरोबर तुझ्यासारखाच आहे, सुट्टीत उत्साही." आणि तिने गावातून थंडीतही चालणाऱ्या प्रोपेनच्या दोन टाक्या आणून जोडल्या.

मग वारा. कॅराव्हॅनच्या तळाला हवेसाठी भोकं असतात, त्यांतून थंडी आत येते हे कुणालाही दिसेल. मला दिसलं. मी सिव्हचे लोकरीचे मोजे बोळे करून एकेका भोकात कोंबले आणि आस्ताला दाखवलं. पुढच्या रविवारी मोजे मला परत मिळाले, धुतलेले आणि जोड्या लावून घड्या घातलेले. "गॅसची शेगडी पेटली की माणसाला श्वास लागतो," एवढंच ती म्हणाली. म्हणजे मी तिला थंडीपासून वाचवता वाचवता कायमचीच झोपवली असती. हे मी पर्निलाला कळवलं नाही. ते अटीत बसत नव्हतं.

गाडीच्या भोवती तिने स्वतःच फळ्या लावल्या, त्यांना सूचिपर्णीच्या फांद्या टेकवल्या, भोकांसमोर मोकळी जागा ठेवून. छतावरचा बर्फ ओढायला लांब दांड्याचं फावडं दाराशी उभं केलं. ती गुणगुणत होती. आस्ता गुणगुणते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

राहिलं पाणी, आणि पाण्यावरच तर सगळं अडलेलं होतं. जमिनीतल्या नळापासून तिच्या गाडीपर्यंत जो पाइप येतो, तो उघड्यावर आहे. इथे मात्र मी कुणाचं ऐकणार नव्हतो. दुकान सोडताना आणलेली तापणारी वायर माझ्याकडे पडून होती. ती पाइपाभोवती गुंडाळली आणि विजेला लावली की बाहेर कितीही गारठा असो, पाणी वाहतं राहतं. अर्धा दिवस मी ओल्या गवतात पाठीवर पडून ती वायर गुंडाळली. वरून फोमचं आवरण, त्यावर चिकटपट्टी. काम देखणं झालं. कॅम्पिंगवर प्रत्येक गाडीला विजेचा एक बुटका खांब असतो; फक्त वायरचं टोक आस्ताच्या खांबापर्यंत पोचेना, आणि तिच्या खांबावरची प्लगची एकुलती एक जागा गाडीच्या विजेने अडवलेली. माझा खांब मात्र जवळ होता. मग काय, लावली माझ्या खांबाला! वायरवरचा इवलासा लाल दिवा लागला. मी आस्ताला बोलावलं, सिव्हला बोलावलं, वाटेने कुत्रा घेऊन जाणाऱ्या एका अनोळखी माणसालाही बोलावलं.

"लागला," आस्ता म्हणाली.

"लागणारच," मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात मी आमची स्वतःची कॅराव्हॅन हिवाळ्यासाठी बंद केली. या कामात माझा हात धरणारा अख्ख्या कॅम्पिंगवर नाही. टाकीतलं आणि नळ्यांतलं पाणी थेंबाथेंबाने काढायचं, नळ अर्धवट उघडे ठेवायचे, गाद्या भिंतींपासून सुट्या उभ्या करायच्या, फ्रिजच्या दारात फडकं अडकवायचं म्हणजे आत बुरशी धरत नाही, कपाटांत मिठाच्या वाट्या ठेवायच्या, बॅटरी घरी न्यायची, हातब्रेक सैल सोडून चाकांना लाकडं लावायची. आणि सगळ्यात शेवटी खांबावरची आपली पेटी उघडून बटण खाली करायचं, झाकण लावायचं आणि कुलूप घालायचं. कुलूप घालणारा तिथे मी एकटाच आहे. एका उन्हाळ्यात कुणीतरी माझ्या विजेवर वॅफल भाजून गेलं, तेव्हापासून घालतो. चावी घरी आणून खुंटीला टांगली, तेव्हा मला फार शांत वाटलं. काही विसरलेलं नाही, असं ते वाटणं असतं.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं.

नोव्हेंबरात तळ्याने पहिला पातळ बर्फ धरला आणि मग पारा खाली खालीच जात राहिला. मी दर रविवारी आस्ताकडे जाऊन पंचगिरी करत असे. दार उघडलं की गरम हवेचा आणि कॉफीचा वास येई. "पाणी?" मी विचारी. "पाणी आहे," ती म्हणे, आणि खरंच असायचं, शेगडीवर भांडंभर उकळत असायचं. ती मला कपात ओतून देई आणि मी वायर गुंडाळण्याची माझी पद्धत तिला पुन्हा एकदा समजावून सांगत असे. ती मान डोलवी. ते डोलवणं मी कौतुक समजत होतो.

नाताळाच्या सुमाराला मी तिला वाटेत पाहिलं. ती आपल्या घसरखुर्चीवरून येत होती. म्हणजे पोलादी पट्ट्यांवर बसवलेली खुर्ची, एक पाय पट्टीवर ठेवायचा आणि दुसऱ्याने जमिनीला रेटा द्यायचा. खुर्चीत दोन पांढरे कॅन बांधलेले होते.

"हे काय?" मी विचारलं.

"व्यायाम," आस्ता म्हणाली आणि रेटा देऊन पुढे गेली.

त्या संध्याकाळी मी पर्निलाला फोनवर सांगितलं, "तुझी आई ठणठणीत आहे. वजनं घेऊन व्यायाम करते."

"आणि पाणी?"

"अगं, वायर कुणी गुंडाळलीय?"

"तीच तर काळजी आहे, काका," ती म्हणाली. मी हसलो. तिलाही विनोद करता येतो हे बघून मला बरं वाटलं होतं.

जानेवारीत वादळ आलं. आधी एक दिवस बर्फ, मग झाडं तारांवर पडली आणि सगळ्या भागाची वीज गेली, आणि मग आभाळ निवळून कडाका पडला. उणे सत्तावीस. आमच्या घरात पूर्वी लाकडं जाळायची लोखंडी चूल होती, सिव्हच्या आजीची. मी ती काही वर्षांपूर्वी भंगारात दिली, कारण ज्या भिंतीशी ती होती तिथे मला हीट पंप हवा होता. हीट पंप विकणाऱ्याच्या घरात चूल, लोक काय म्हणतील? आता वीज नव्हती, हीट पंप भिंतीवर पांढराशुभ्र गप्प बसला होता, आणि त्याच्याखाली आम्ही दोघं कोट-टोप्या घालून आणि पांघरुणं घेऊन. सिव्ह चुलीबद्दल एक शब्दही बोलली नाही. ती नुसती त्या भिंतीकडे बघत होती. बायको बोलते तेव्हा फार काही बिघडलेलं नसतं, हे मला संसारात उशिरा कळलं.

जेवणवेळ झाली तेव्हा भांड्यातल्या पाण्यावर साय धरावी तसा बर्फ धरला होता. सिव्ह उठली, तिने बूट चढवले आणि म्हणाली, "मी ताईकडे जातेय. यायचं तर ये."

फोनही बंद पडले होते, त्यामुळे न सांगताच गेलो. किल्ल्यांचा जुडगा मी खुंटीवरून सवयीने खिशात टाकला होता. कॅम्पिंग सगळं काळं पडलेलं, फक्त आस्ताच्या खिडकीत मेणबत्ती. तिने दार उघडलं, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बूट बाहेर झटका."

आत ऊब होती. तिची ती जुनी गॅसची शेगडी, जी काढून टाकून विजेची बसव म्हणून मी तिच्या मागे लागलो होतो, तिला विजेची गरजच नव्हती. ती आपली निळी जळत होती. गुरुवार होता, आणि आमच्याकडे गुरुवारी वाटाण्याचंच सूप असतं, म्हणून तेच शिजत होतं, वर मोहरी लावून खायला. सिव्ह शेगडीला पाठ लावून बसली आणि जराशी रडली. माझे कपडे ओले म्हणून आस्ताने मला आपला फ्लॅनेलचा गाऊन दिला. त्यावर जांभळी फुलं होती. मी घातला. त्या घडीला मी नवरीचा पोशाखसुद्धा घातला असता.

हात धुवायला मी नळ उघडला. काहीच आलं नाही.

"कॅनमधलं घे," आस्ता लगबगीने म्हणाली.

"वीज नाही ना, म्हणून," मी म्हणालो, आणि मग खांबावरची वीज, पाण्याचा दाब आणि पंप यांचा एकमेकांशी काय संबंध असतो ते मी तिला फुलाफुलांच्या गाऊनमध्ये उभा राहून सविस्तर समजावलं. त्यातलं एकही वाक्य खरं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

"असेल," आस्ता म्हणाली आणि तिने सूप वाढलं.

पोटात गरम गेल्यावर सिव्हने विचारलं, "ताई, खरं सांग. तुला उप्सालाला का नको? तिथं लिफ्ट आहे, शेजार आहे. पर्निला जवळ."

आस्ताने राय धान्याची कडक भाकरी मोडली. मग म्हणाली, "मी गेले होते ते घर बघायला. चांगलं आहे. दाराला कुलूप आहे, आणि त्याची एक किल्ली त्यांच्या ऑफिसात. रात्री कुणी येऊन बघून जातं, म्हणे, आपण श्वास घेतोय का." तिने खिडकीतून काळ्या तळ्याकडे पाहिलं. "मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांसाठी दार उघडलं आणि लावलं गं. हे दार माझं आहे. हे मी आतून लावते आणि सकाळी मीच उघडते, आणि समोर तळं असतं. एवढंच आहे. फार मोठं काही नाही."

आस्ताला एवढं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि एवढं सोपं बोलणं ऐकायला मला इतकी वर्षं लागली, कारण ती बोलायच्या बेताला आली की मी टिचकी मारत आलो. मनात म्हणालो, हिचं पाणी गोठायला नको. माझी वायर आहे, नाही गोठायचं.

सकाळी अजून झुंजूमुंजू होतं तेव्हा दार धाडकन उघडलं. पर्निला. भुवयांवर बर्फ, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात इस्पितळाची पिशवी. फोन लागत नाही म्हणून ती उप्सालाहून निघाली होती ती थेट इथेच थांबली.

"आई!"

"दार लाव, ऊब जातेय," आस्ता म्हणाली. ती लापशी ढवळत होती.

पर्निलाने आईला नखशिखान्त तपासलं. मग तिचा टॉर्च माझ्यावर आला आणि जांभळ्या फुलांवरून हळूहळू खाली गेला. "काका?"

"आमचं घर गार पडलं," सिव्हने गादीवरून सांगितलं. "आम्ही मदत मागायला आलो."

पर्निला मटकन बसली. आस्ताने तिच्या हातात कप दिला आणि तिच्या डोक्यावरची टोपी कानांवरून खाली ओढली. सगळं ठीक होतं. मग पर्निलाने कप विसळायला नळ उघडला.

"वीज नाही म्हणून," मी लगेच म्हणालो.

"काका, हा पंप बॅटरीवर चालतो," पर्निला म्हणाली आणि टॉर्च घेऊन बाहेर गेली. आम्ही तिच्या मागे.

पाइप आवरणासकट वरच्या अंगाने फाटला होता, जास्त उकळलेल्या सॉसेजसारखा. फाटीवर बर्फाचे थर चढलेले, आणि थरांवर पानं चिकटलेली. पानं इथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतात.

"कधी गोठलं, आई?"

आस्ता खोटं बोलू शकली असती. "नोव्हेंबरात," ती म्हणाली.

मला ते पांढरे कॅन आठवले. व्यायाम. सगळा हिवाळा ही बाई त्या घसरखुर्चीवरून गावातून पाणी आणत होती, आणि दर रविवारी मी त्याच पाण्याची कॉफी पीत तिला पाइप कसा तापतो ते शिकवत होतो.

"हात दिला होता," आस्ता म्हणाली. "येते मी. बॅग भरायला फार वेळ नाही लागायचा." ती वळली आणि आत जाऊन पांघरुणांच्या घड्या घालू लागली. दार तिने उघडंच ठेवलं होतं. तिला दार उघडं ठेवताना मी आजवर पाहिलेलं नव्हतं.

"पण वायर तर गुंडाळलीय," पर्निला म्हणाली. ती नर्स आहे, तिला कारण लागतं. तिने बर्फातून वायरचं टोक उपसलं आणि ओढत ओढत निघाली. वायर बर्फातून वर येत गेली, आस्ताच्या गाडीपासून दूर, दूर, आणि माझ्या खांबाशी जाऊन थांबली. माझी पेटी. माझं कुलूप. त्यावर एवढी मोठी बर्फाची टोपी.

माझे कान लाल झाले होते. उणे सत्तावीसमध्ये तेवढेच काय ते गरम होते.

"काका, किल्ली?"

जुडगा मी रात्रीच सवयीने गाऊनच्या खिशात हलवला होता. किल्ली आत जाईना, तेव्हा सिव्हने ती माझ्या हातातून घेतली, तोंडाच्या वाफेने तापवली आणि कुलूप उघडलं. बटण खाली होतं. मी केलं होतं तसं, व्यवस्थित.

पर्निला त्या बटणाकडे बघत राहिली. मग तिने हाक मारली, "आई! तुला हे माहीत होतं?"

आस्ता दारात आली, हातात घडी. "हो. पहिल्याच कडाक्याला कळलं. वायर हाताला गार लागली."

"मग फोन का नाही केलास?"

"कुणाला बोलवायचं नाही, असं ठरलं होतं ना."

"अगं, पण काकांना तरी सांगायचंस!"

"त्याला सांगितलं असतं," आस्ता म्हणाली, "तर तो दुरुस्त करायला आला असता."

सिव्हला हसू फुटलं. आधी नाकातून, मग तोंडावर हातमोजा दाबून, मग खांबाला धरून. पर्निला मात्र हसत नव्हती. ती बर्फातच पायरीवर बसली आणि रडायला लागली. "बर्फात पडलेल्या माझ्या आईला मी सांगितलं, मदतीला कुणाला बोलवायचं नाही," ती म्हणाली. "असली अट कोण घालतं गं? मी घातली. तू इथं पाणी ओढत होतीस आणि मी फोनवर विचारत होते, गोठलं का, गोठलं का."

आस्ता तिच्याशेजारी बसली. हातातल्या पांघरुणाची घडी मोडून तिने ते मुलीच्या खांद्यांवर टाकलं.

मग पर्निलाने नाक पुसलं आणि उठली. "पाणी गोठलं नाही," तिने नर्सच्या आवाजात निकाल दिला. "काकांनी गोठवलं. ते धरायचं नाही. आणि मदत मागितली ती काका-मावशीनं, तुझ्याकडे. तू राहायचंस इथं. फक्त अट बदलते. गरज लागली की बोलवायचं."

"कुणाला?"

"मला. पोस्टमनला. वाटेवरच्या कुठल्याही माणसाला. फक्त काकांना नाही."

"कबूल," आस्ता म्हणाली आणि तिने हात पुढे केला. मग आत जाऊन तिने दार लावलं, आतून. आम्ही तिघं बाहेरच होतो हे तिच्या जरा वेळाने लक्षात आलं.

लापशी खाताना वीज आली. कुठेतरी फ्रिज घुरघुरला. पेटीतलं बटण मी आत येताना वर करून आलो होतो, आणि खिडकीतून पाहिलं तर फाटक्या पाइपावर माझ्या वायरचा लाल दिवा अगदी ऐटीत लागला होता. मी कुणाला बोलावलं नाही.

पर्निलाने इस्पितळाच्या पिशवीतून ती रंगीत माहितीपत्रकं काढली, जी ती आईला न्यायच्या तयारीने घेऊन आली होती, आणि टेबलावरून सरकवत माझ्यापुढे आणून ठेवली. "जागा अडवून ठेवलीय या महिन्याअखेरपर्यंत," ती गोड आवाजात म्हणाली. "फुकट घालवायची कशाला? गरम पाणी आहे, काका. विजेची पेटी तळघरात आहे आणि तिथं राहणाऱ्यांना तिला हात लावू देत नाहीत."

मी मोठ्याने हसलो. चांगला विनोद होता. दाद मिळावी म्हणून मी बायकोकडे वळलो.

सिव्ह चष्मा लावून दुसरं पान उलटत होती. "पर्निला," ती म्हणाली, "तिथं लाकडाची चूल ठेवू देतात का गं?"